बाबा दाराबाहेर गेल्यावरचं भजन

कुणी मला आनंद करायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. आपणहून झाला तर होऊ द्या, पण फर्मान नको. ही खोड मला सगळ्यात जास्त नडली ती एका स्वर्गारोहणाच्या दिवशी.

हा सण फारसा कुणाला ठाऊक नसतो. ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी, नेहमी गुरुवारी येतो. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी नसते, घरात करंज्या नसतात, नवे कपडे नसतात. मरणातून उठलेला प्रभू येशू या दिवशी शिष्यांच्या डोळ्यांदेखत स्वर्गात गेला. आशीर्वादासाठी हात उचललेलेच होते आणि तसाच तो त्यांच्यापासून वेगळा झाला. शुभवर्तमान म्हणतं की त्यानंतर शिष्य मोठ्या आनंदानं शहरात परतले आणि मंदिरात देवाची स्तुती करत राहिले. आपलं माणूस गेलं आणि हे आनंदानं परतले! लहानपणी मला वाटायचं, लिहिणाऱ्याची काहीतरी चूक झाली असणार.

बाबांना मात्र ते वाक्य सोडवत नसे. आम्ही मूळचे नगरकडचे. बाबा बंगलोरच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि आम्ही बसवनगुडीत एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहू लागलो. नगरकडची आणखी काही ख्रिस्ती कुटुंबं त्याच कारखान्यामुळं इकडं आली होती. आमचं स्वतःचं चर्च नव्हतं. एका कन्नड मंडळीनं त्यांच्या चर्चमागचा हॉल आम्हांला रविवारी दुपारी आणि सणांना वापरायला दिला होता. तिथं सतरंज्या अंथरून, पेटी, तबला आणि झांजा घेऊन आमची मराठी उपासना चाले. पाळक महिन्यातून एकदा येत. बाकी सगळं बाबा बघत, कारण त्यांना कीर्तन येत होतं. दिवसभर कानस चालवणारा माणूस संध्याकाळी धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून, हातात चिपळ्या घेऊन उभा राहिला की मला तो थोडा परकाच वाटायचा. आणि फार आवडायचा.

स्वर्गारोहणाच्या कीर्तनात बाबांनी एक रीत घातली होती. ती आमच्या मंडळीखेरीज कुठं असेल असं वाटत नाही. कथा रंगत रंगत डोंगरावर येई. प्रभू हात उचलतो, तिथं बाबा चिपळ्या खाली ठेवून दोन्ही हात उचलत आणि आमच्याकडं तोंड करून एकेक पाऊल मागं सरकत, सतरंज्यांमधल्या वाटेनं दारापर्यंत जात आणि बाहेर पडत. दार ओढून घेत. त्या क्षणी आत बसलेल्यांनी भजन उचलायचं, तेही दुप्पट लयीत, झांजा घेऊन. भजन बाबांनीच रचलेलं होतं:

उघडा कवाडं, धनी घरा आला,
हातींच्या जखमा घेऊनी आला.

एवढी सोपी गोष्ट, पण आमच्या लोकांना ती एकदाही जमली नाही. बाबा मागं सरकू लागले की सगळ्यांच्या माना दाराकडं वळत. बायका पदर सावरत वाकून बघत. झांजवाले झांज उघडी धरून बसत. दार लागलं की हॉलमध्ये सामसूम व्हायची. पेटीवाले काका एकटेच सूर धरून बसत, मग तबलजी चुकीच्या जागेवर थाप मारी, कुणीतरी अर्धी ओळ म्हणे, आणि मंडळी ढेपाळे. थोड्या वेळानं दार उघडून बाबा स्वतःच आत येत आणि भजन पुन्हा आपल्या आवाजावर उचलून नेत. सगळ्यांना हायसं वाटे. बाबा मात्र घरी येईस्तोवर धुसफुसत.

"तुम्ही सगळे दाराकडं काय बघता? मी गेलो की आवाज वाढला पाहिजे. तुमचा तर जीवच जातो."

"मग जाऊ नका ना बाहेर," मी म्हणायची.

"अगं, तो गेला म्हणून तर उपासना सुरू झाली. तो तिथंच बसून राहिला असता तर शिष्य नुसते त्याच्या तोंडाकडं बघत बसले असते. तुमच्यासारखे!"

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं आलेले. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असे. एकदा त्यांनी बाबांना विचारलं होतं, "अण्णा, तुमचा देव जन्माला आला त्याचा सण, सरी. मेलेला उठला त्याचा सण, तेही सरी. पण सोडून गेला त्याचा कसला सण?"

बाबांनी हसून सांगितलं, "अक्का, मुलगी सासरी निघाली की माहेरची रडतात. सासरी मात्र त्याच वेळी तोरण बांधतात. आपण इकडच्या दारात उभे राहून बघतो म्हणून गेला वाटतो. तिकडच्या दारातून बघा की, धनी घरी आला."

अक्कांना ते पटलं की नाही कोण जाणे. मला अजिबात पटलं नव्हतं. मी इकडच्याच दारात उभी होते.

एकोणीसशे साठच्या सुमारास एका वर्षी बाबांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं कारखान्यातली धूळ. आईनं काढे केले, अक्कांनी मिरे-खडीसाखर पाठवली. आवाज उतरत उतरत नुसता खरखरीत उरला आणि बाबांना जेवताना ठसका लागू लागला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की गाठ स्वरयंत्रावरच आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. श्वासासाठी गळ्याला खाली भोक पाडतील. शुक्रवारी सकाळी दाखल व्हायचं होतं, शनिवारी ऑपरेशन.

त्याच आठवड्यातला गुरुवार स्वर्गारोहणाचा होता.

"कीर्तन मी करणार," बाबा म्हणाले.

आईच्या हातातलं ताट खाली आदळलं. "डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? ताण पडला तर आतून सूज येईल. श्वास कोंडेल. अहो, तिथंच काही झालं तर?"

"थोडंच करीन. बसून करीन."

"कशाला पण? पुढच्या वर्षी पेटीवाले भाऊजी करतील."

"पुढच्या वर्षी मला बाहेर जाता येईल, पण गात गात बाहेर जाता येणार नाही," बाबा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "मी दाराबाहेर गेलो की भजन तू उचलायचं."

मी तेव्हा कॉलेजात होते. गळा मला बाबांचाच मिळाला होता, असं लोक म्हणत. मी सरळ सांगितलं, "मी नाही उचलणार. मला आनंद झालेला नाही, बाबा. शनिवारी तुमचा गळा कापणार आहेत आणि मी झांजा वाजवत नाचू? मला खोटं गाता येत नाही."

बाबांना बोलायला त्रास होत होता आणि माझ्याशी वाद घालायला नेहमीच जास्त श्वास लागायचा. मग ते म्हणाले, "मला एवढंच हवंय. मी बाहेर असताना आत गाणं चालू राहिलेलं ऐकायचंय. एकदाच. इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही."

मी उठून मागच्या अंगणात गेले. हो म्हणणं म्हणजे त्यांना जायला परवानगी देणं, असं मला वाटत होतं. मी भजन उचललं नाही तर निदान ते परत आत येतील, नेहमीसारखे धुसफुसत. माझा सगळा हट्ट त्या एका आशेवर होता, आणि ती आशा किती वेडी होती हेही मला कळत होतं.

गुरुवारी बाबा पहिली पाळी करून आले. आईनं त्यांना नुसती पेज दिली. आम्ही जटका करून निघालो. बाबांचा श्वास शिटीसारखा वाजत होता आणि घोड्याच्या टापांमधूनही तो मला ऐकू येत होता. आईनं मांडीवर कोमट पाण्याचा तांब्या धरला होता आणि तिची नजर बाबांच्या गळ्यावरून हलत नव्हती.

हॉल भरलेला होता. बाबा शुक्रवारी दाखल होणार ही बातमी सगळ्यांना कळली होती, त्यामुळं एरवी न येणारेही आले होते. लोक बाबांशी दबक्या आवाजात बोलत होते, जसं मयताच्या घरी बोलतात. मला त्या सगळ्यांना हॉलबाहेर काढावंसं वाटत होतं. पेटीवाले काका माझ्याजवळ वाकून म्हणाले, "पोरी, तू म्हणणार ना? बाबांच्या पट्टीतच धरतो, काळी एक. सांभाळून घे." मी पुढं जाऊन सतरंजीवर बसले.

बाबा खुर्चीवर बसले. चिपळ्या हलक्या वाजल्या. कथा त्यांनी जवळजवळ कुजबुजत सांगितली आणि हॉल इतका शांत होता की कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती. त्या वर्षी त्यांनी सासर-माहेरचा दाखला दिला नाही. ते म्हणाले, "प्रभू मेल्यातून उठला तेव्हा त्याला धड शरीर मिळालं. मग हातांची भोकं बुजायला काय हरकत होती? पण त्यानं ती ठेवली. तशीच घेऊन तो वर गेला. आज देवाच्या उजव्या हाताला जो बसलाय त्याच्या अंगावर खिळ्यांचे वण आहेत. आपल्या हाडामांसाचं माणूस तिथं आधीच पोचलंय, आणि ते आपल्यासाठी विनवणी करतंय. तुमचं काहीही तुटलं, काहीही कापलं गेलं, तरी तिथं कुणी ते बघून दचकणार नाही. तिथं ते ओळखीचं आहे."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला. तो थांबेना. चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. आई तांब्या घेऊन अर्धी उठली. पहिल्या रांगेतल्या दोघी तोंडाला पदर लावून रडू लागल्या. मला वाटलं, संपलं, इथंच संपलं. बाबांनी हात वर करून आईला बसायची खूण केली, खुर्चीच्या हाताला धरून श्वास मिळेपर्यंत वाकून राहिले आणि मग उभे राहिले. चिपळ्या खाली ठेवल्या. दोन्ही हात उचलले.

ते मागं सरकू लागले. पाऊल टाकताना डोलत होते. एका ठिकाणी सतरंजीच्या दुमडीत टाच अडकली, तेव्हा सगळ्या हॉलनं एकदम श्वास घेतला, पण हात खाली आले नाहीत. सगळ्यांच्या माना नेहमीप्रमाणं दाराकडं वळल्या होत्या. त्यांची नजर मात्र माझ्यावर होती, आणि त्या नजरेत विनंती नव्हती. माझा निर्णय झालेला आहे असं धरूनच ते बघत होते. मग उंबरा आला. आधी ते दिसेनासे झाले, नंतर हात. दार ओढलं गेलं.

पेटीवर काळी एकचा सूर लागून राहिला. कुणी गायलं नाही.

मी ओठ घट्ट मिटून बसले होते. आता ते परत येतील. आता दार उघडेल. काकांचा भाता एकदा मिटला, पुन्हा उघडला. झांजा तशाच उघड्या. तेवढ्यात आई उठली, तांब्या घेऊन सगळ्यांसमोरून चालत गेली आणि दार उघडून बाहेर पडली. रीत अशी की बाहेर गेलेल्याच्या मागं कुणी जायचं नाही. आई कधी रीत मोडत नसे. ती गेली याचा अर्थ मला एकच लागला, की बाहेर बाबांना काहीतरी होतंय. दार पुन्हा लागलं आणि मला कळलं की आता आत कुणीही परत येणार नाहीये.

मला संताप आला. आईचा आला, बाबांचा आला, त्या डॉक्टरचा आला आणि प्रभूचाही आला. खोटं कशाला बोलू? तू गेलास ते गेलास, वर आम्हांला आनंद करायला सांगून गेलास! त्या रागातच माझं तोंड उघडलं आणि मी ओळ फेकली:

"उघडा कवाडं!"

काळी एकच्या कितीतरी वर लागली ती. ती माझी पट्टी होती, बाईची. काका हडबडले, पेटीवर बोटं शोधू लागले. मी थांबले नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा माझ्या मागून एका बाईचा आवाज आला, मग चार जणींचा, मग सगळ्या बायकांचा. इतकी वर्षं त्या बाबांच्या पट्टीत गळा दाबून पुटपुटत होत्या. त्यांची खरी पट्टी कुणी धरलीच नव्हती. आता त्यांना जागा मिळाली आणि त्या मोकळ्या गळ्यानं गायला लागल्या. काकांना सूर सापडला. तबला शिरला. झांजा एकदम पडल्या आणि हॉलच्या कौलांपर्यंत आवाज भरला. दाराकडं कुणी बघत नव्हतं.

हातींच्या जखमा घेऊनी आला, ही ओळ आम्ही किती वेळा घोळवली ते मला सांगता यायचं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि राग अजून गेला नव्हता, पण त्याच्या आत दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. सणाचा, गोडाधोडाचा आनंद नव्हे तो. गळ्याला भोक पडलेलं माझं माणूस जिथं कधीतरी जाणार आहे, तिथं भोकं पडलेले हात आधीच आहेत, ही गोष्ट मला पहिल्यांदा खरी वाटली. ऐकीव नव्हे, खरी. आणि ती खरी वाटल्याबरोबर गाण्यात जोर आला. मी गात होते म्हणून ती खरी वाटली की खरी वाटली म्हणून मी गात होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भजन संपलं, प्रार्थना झाली, तेव्हा कुठं मला बाहेर काय झालं असेल ते आठवलं. मी धावतच दाराकडं गेले. बाबा पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून, घामानं निथळत. तोंड लाल. पण श्वास चालू होता. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.

परतताना ते जटकेवाल्याजवळ पुढं बसले, वारा लागावा म्हणून. मागं आई आणि मी. मी हळूच विचारलं, "फार त्रास झाला का गं? तू बाहेर गेलीस तेव्हा मी घाबरले."

"मी त्यांना गप्प करायला गेले होते," आई म्हणाली.

"गप्प? ते बाहेर बोलत होते?"

"गात होते. गप्प बसायचे नाहीत हे ठाऊक होतं मला. तू धरायच्या आधीपासून चालू होतं. तुम्ही कुणी धरलं नाहीत तरी भजन पडू नये म्हणून एकटेच म्हणत होते, कुणाला ऐकू जाणार नाही असं. मग तू उचललंस. तुझी पट्टी त्यांना कुठली झेपायला? खालच्या अंगानं तुझ्या मागून म्हणत राहिले. शेवटपर्यंत. एक ओळ सोडली नाही."

बाबा शेवटचं गायले आणि मी दाराच्या अलीकडं असून ते ऐकलं नाही. "अगं, मग दार तरी उघडायचंस!" मी रडकुंडीला येऊन म्हटलं. "मला ऐकायला मिळालं असतं."

"गेले होते उघडायला. कडीला हात घातला होता मी." आईनं पुढं बसलेल्या बाबांच्या पाठीकडं पाहिलं. "त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, उघडू नको. मी गातोय हे तिला कळलं तर ती थांबेल."